नाव पुकारायची वेळ

किटलीचं झाकण खडखडलं आणि कागदांवर वाकलेल्या सगळ्या माना एकदम वर झाल्या. "चहा आणते," म्हणत फुमिए उठली. नवरा सोइची गेल्यानंतर तिच्या घरी भरलेली ही पहिलीच हायकू-बैठक होती.

बैठकीची रीत जुनी. चिठ्ठीवर नाव घालायचं नाही; सगळ्या चिठ्ठ्या दुसऱ्यांच्या हातांनी उतरवायच्या, म्हणजे अक्षरही ओळखू येत नाही. मग प्रत्येकाने आवडलेले हायकू निवडायचे, आणि निवडलेला हायकू वाचला गेला, की कवीने आपलं नाव पुकारायचं. सोइची तर असा पुकारायचा, की पलीकडच्या खोलीत खेळणारी लेक दचकायची. आज फुमिएने स्वतःच्या हायकूऐवजी त्याचा शेवटचा हायकू हळूच त्या चिठ्ठ्यांत सरकवला होता. कीव म्हणून नको, चांगला आहे म्हणून कुणीतरी तो निवडावा, एवढंच तिला हवं होतं.

गुरुजींनी चष्मा सावरून वाचलं, "गोगलगाय थांबली, लेकीची लाल छत्री गेली पुढे." मग मान डोलावत म्हणाले, "सहा मतं! आजचा पहिला. कोणाचा हा?"

सगळे एकमेकांकडे पाहू लागले.

"अहो, नव्या नवरीसारखं लाजताय काय!" तांदूळवाले ओगावा हसले. "सांगा की नाव!"

सोइचीचं नाव फुमिएच्या अगदी ओठांवर आलं. पण ते पुकारायचा मान त्याचा होता.

तेवढ्यात पाच वर्षांची वाकाना दारात येऊन उभी राहिली.

"आई, हा बाबांचा आहे. मला माहितीये. मग ते ओरडत का नाहीत?"