कंप्रेसरची खरखर

हिमांशू घरात बायकोवर कधी आवाजही चढवत नसे. रीताला तो मारायचा ते गाडीत, आईवडिलांच्या आणि शेजाऱ्यांच्या माघारी.

२००९च्या मे महिन्यात एसी लावला की बॉनेटखालून खरखर यायला लागली. गार हवा मधेच गरम व्हायची, इंजिन दबायचं. रीताच्या वडिलांचा गाड्यांचे एसी दुरुस्त करायचा धंदा होता. कंप्रेसर आता फार दिवस टिकत नाही, हे तिने पहिल्याच दिवशी ओळखलं. नवऱ्याला मात्र ती काहीच बोलली नाही.

पंधरा दिवसांनी गोंदियाजवळच्या बंद रेल्वे फाटकापाशी गाडी थांबली आणि कंप्रेसर जाम झाला. पट्टा जळाल्याचा वास आत भरला. घामाघूम झालेल्या हिमांशूने चारही काचा खाली केल्या आणि "माहेरी फोन काऊन केला?" म्हणत सवयीने तिचं डोकं डॅशबोर्डवर आपटलं. रीता जिवाच्या आकांताने ओरडली.

शेजारच्या ट्रॅक्टर-ट्रॉलीत तेंदूपाने तोडून परतणाऱ्या बाया बसल्या होत्या. त्यांनी धडाधड उड्या टाकल्या, हिमांशूला कॉलर धरून बाहेर ओढलं आणि रक्त येईपर्यंत चपलांनी झोडपलं.

एक म्हातारी रीताच्या नाकातलं रक्त पदराने पुसत होती. तिला रीताच्या दंडावरचे जुने काळेनिळे वळ दिसले.

"इतके दिवस काऊन नाही ओरडली वं, पोरी?"


"रोज ओरडत होती, मावशी. काचा बंद राहत होत्या."