पहिला शब्द

लेकीचा पहिला शब्द 'आई' नव्हता, 'बाबा'ही नव्हता. 'बटण' होता!

तिच्या आईला दिसत नसे. कॉम्प्युटर पडद्यावरचं सगळं वाचून दाखवायचा आणि ती घरी बसून प्रोग्रॅम लिहायची. पण ऑफिसने घेतलेल्या नव्या सॉफ्टवेअरमध्ये एकाही बटणाला नाव नव्हतं. मग कॉम्प्युटर दिवसभर आपला "बटण, बटण" एवढंच घोकायचा आणि पायाशी खेळणारी लेक ते बरोब्बर टिपायची.

"पोटात वाढवलं कुणी आणि नाव घेतेय कुणाचं!" सासूबाई खो खो हसल्या. आईही हसली, पण आत कुठेतरी टोचलंच.

लेकीचा डोळा लागला की ती कॉम्प्युटरला बटणांची नावं शिकवणारी स्क्रिप्ट लिहायला बसे. एकेका बटणाचं तिने बारसं केलं. प्रोग्रॅममध्ये चूक झाली तर कॉम्प्युटरने काय म्हणायचं, तेही तिनेच ठरवायचं होतं. तिने हळूच लिहिलं, 'आई'.

आणि मग ती चक्क मुद्दाम चुका करायला लागली.

"अगं, किती हाका मारतोय तो तुला! लक्ष कुठंय तुझं?" सासूबाई म्हणायच्या. लेकीचं मात्र "बटण" काही सुटेना.

आज काम आवरताना पुन्हा तोच सपाट सूर कानावर आला, "आई." तिने सगळा प्रोग्रॅम वरपासून खालपर्यंत तपासला. एकही चूक सापडेना.



तेवढ्यात तिच्या गुडघ्यावर एक चिमुकली थाप पडली. "आई!"