दाराचा नंबर

सकाळची मालिका लागली की सोयाबीनचे मोड निवडता निवडता ओक-बुन म्हातारीच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा. मालिकेतला चांगमिन बायकोला गोड बोलून लुबाडायचा, वर मारायचाही. "हात झडोत मेल्या तुझे!" ती टीव्हीवर ओरडायची. "आणि ही बया! हाकलून का देत नाही त्याला?"

सून सोरान नेहमी शेजारी बसून मोडांच्या शेपट्या खुडायची. आज ती नवऱ्याला शर्ट द्यायला आत गेली होती.

"सहीचा शिक्का मार म्हटलं ना तुझ्या दुकानाच्या कागदांवर! माझ्याशिवाय कोण विचारतंय तुला? पुन्हा हात उचलायला लावू नकोस."

"मुडदा बशिवला तुझा!" म्हातारी कडाडली आणि तिने मान वर केली.

टीव्हीवर कुकरची जाहिरात चालू होती.

आतून मुलगा बाहेर आला. "सकाळी सकाळी कोणाला शिव्या देतेस, आई?"

"त्यालाच," ती म्हणाली. तो हसला, बूट चढवून कामाला गेला.

म्हातारीने टीव्ही बंद केला. बाहेर आलेल्या सुनेची लांब बाही वर सारली, आणि हळूच पुन्हा खाली ओढली.

"पोरी, दाराच्या कुलपाचा नंबर बदल. आत्ताच."

सोरान दाराशी जाऊन कुलपाची बटणं दाबू लागली, तशी म्हातारीने पाठ फिरवली.

"मला सांगू नकोस हं. तो फोनवर रडला, तर मी सांगून बसेन. मी आपली बेल वाजवीन, तू उघडत जा."