त्याच्या यादीतली जुई

पोटगीचा आकडा ठरवण्यापूर्वी कुटुंब न्यायालयातल्या समुपदेशक बाईंनी दोघांनाही कोरा कागद दिला. "लेकीला महिन्याला काय काय लागतं, ते आपापलं लिहा."

सुलक्षणाने शाळेची फी, रिक्षा, चष्मा, कथकचा क्लास असं भराभर लिहून टाकलं. मग तिने नवऱ्याचा, हर्षदचा कागद पुढे ओढला. दुधाची पावडर, नाचणीचं सत्त्व, चार दुपटी, बाळगुटी, पाळण्यावर टांगायला चिमणाळं.

वरचा पंखा कुरकुरत होता. ऐकता ऐकता त्याची कुरकुर पाळण्याच्या कड्यांची झाली, खोलीभर वेखंडाचा वास पसरला, आणि न्हाऊमाखू घातलेली जुई दोघांच्या मधे हातपाय नाचवत हसू लागली.

"अहो, मुलगी सात वर्षांची आहे ना? हे खोडून नव्याने लिहा," बाई म्हणाल्या.

हर्षद मान खाली घालून म्हणाला, "मला एवढीच ठाऊक आहे."

सहा वर्षं दाराशी येणाऱ्या हर्षदला सुलक्षणाच उंबऱ्यावरून परत पाठवत आली होती. तिने त्याच्या हातातलं पेन काढून घेतलं.

"आकड्याचं नंतर बघू, बाई," ती म्हणाली. "रविवारी ह्यांना घरी बोलावते. आधी लेक बघतील, मग लिहितील."