अठ्ठ्यांची जोडी

"बोला व्याही, धरताय का टाकताय?" कुशाबांनी उरलेले सगळे चिंचोके एकदम पुढे लोटले.

सोनबांनी हातातली तीन पानं पुन्हा किंचित उघडून पाहिली. दोन अठ्ठ्या, एक पंजी. अठ्ठ्यांची जोडी म्हणजे मोठी पंचाईत बघा. टाकवत नाही, धरवत नाही.

दासगावला सोनबांच्या पडवीत डाव चालला होता नातीच्या नावाचा. आज बारावा दिवस, आत पाळणा सजत होता. सोनबांची एकुलती लेक मैना हटून बसली होती, नाव माझ्या आईचं, प्रयाग. उमरठहून आलेली तिची सासरची मंडळी म्हणत होती, नाव आमच्या म्हातारीचं, तुळसा. सकाळपासून नुसता कालवा! शेवटी मैनेचे सासरे कुशाबा वैतागले. "तुमच्या जावयाचा, आमच्या मुरारीचा, तो मुंबईचा पत्त्यांचा कॅट आणा. तीनपानीचा एकच डाव. जिंकेल त्या आजानं नाव सांगायचं, बाकीच्यांनी चूप."

"तुमीच सांगा की," सोनबा म्हणाले होते. "नात तुमची."

"भिडस्त माणूस तुमी! कुणी मागितलं तर अंगावरलं धोतर बी सोडून द्याल. असं नाय चालायचं. बसा खेळायला."

पण सोनबांना ते नाव हवं होतं. फार हवं होतं. मानमोडीच्या साथीत प्रयागबाई दोन दिवसांत गेली, तेव्हा मैना चार वर्षांची होती. बायकोचं नाव घ्यायची रीत नव्हती, त्यामुळे सगळा संसार 'अगो, ऐकलंस का' एवढ्यावरच झाला. नात प्रयाग झाली, तर एकदा तरी तोंड भरून हाक मारता येणार होती.

त्यांनी सहज खाली पाहिलं. कुशाबांच्या उजव्या पायाचा अंगठा टुकटुक हलत होता.

अरेच्चा! म्हणजे हा गडी थाप मारतोय! पोरांच्या लग्नात भात करपला होता, तेव्हा हेच कुशाबा दुसऱ्यांदा वाढून घेत "झकास झालाय हो" म्हणाले होते, आणि पाटावर हाच अंगठा नाचत होता. आता दहा चिंचोके टाकायचे, पानं उघडायची, की झालं काम.

सोनबांचा हात चिंचोक्यांकडे गेलाही. तेवढ्यात कुशाबांनी कमरेची चंची सोडली. पानतंबाखूची ती ठिगळं लावलेली चंची त्यांच्या आईची. तुळसाबाई चैत्रात गेली. नातवंडं झालेला बाप्या, पण अजून चंची उघडली की डोळे पुसायचा. आताही पुसले.

सोनबांनी हात मागे घेतला. आपलं रडून चौदा वर्षं झाली, ते मनाशी म्हणाले, या बिचाऱ्याचं अजून ताजं हाय.

त्यांनी पानं उपडी टाकली. "टाकली बाबा! माझ्याकडं काय नाय." आणि कुणी बघायच्या आत कॅटात मिसळलीसुद्धा.

"आईचं नाव राहील हो आता," कुशाबा म्हणाले. अंगठा अजून हलतच होता. सवय, दुसरं काय!

आत बायका जमल्या. मैना बापाकडे बघायला तयार नाही. सोनबा चौकट धरून उभे राहिले, चेहरा होईल तेवढा हसरा ठेवून. कुशाबांनी आपल्या लेकीला, बनुबाईला, जवळ बोलावलं. बाळाची आत्या तीच. तिच्या कानात त्यांनी नाव सांगितलं.

बनुबाई बापाच्या तोंडाकडे बघतच राहिली. "नक्की ना, बाबा?"

"सांग गो तू."

बनुबाई पाळण्यावर वाकली. बायकांचे धपाटे तिच्या पाठीत बसले. बाळाच्या कानाशी तिनं लांबलचक "कुर्रर्र" केलं आणि सगळ्या घराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "प्रयाग!"