पहिल्यापासून सांगा

"दार उघडंच राहू दे," डोरीन हनात्युक म्हणाली.

समुपदेशक मारिसेलचा हात कडीवरच थांबला. "इथलं बोलणं खाजगी असतं ना, मिसेस हनात्युक. बाहेर लोक बसलेत. कुणी ऐकलं तर?"

"ऐकू दे की. मी काय चोरी केलीय?"

मारिसेलने दार उघडं सोडलं, पण तिची नजर सारखी बाहेरच्या बाकाकडे जात राहिली. डोरीनने आपल्यासाठी मांडलेल्या मऊ खुर्चीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. कोपऱ्यातली प्लास्टिकची खुर्ची ओढून तिने पाठ भिंतीला टेकवली. एकोणतीस वर्षं कॅनडातल्या विनिपेग शहराच्या रस्त्यांवर सिटी बस चालवलेली बाई ती. पाठीमागे काय चाललंय ते आरशात बघायची तिला सवय होती. इथे आरसा नव्हता, म्हणून भिंत.

चार महिन्यांतली ही तिची चौथी समुपदेशक. दर वेळी माणूस नवा, आणि टेबलावरची कागदी रुमालांची पेटी मात्र तीच. मारिसेलनेही ती पेटी अलगद पुढे सरकवली आणि संगणक उघडला.

"अगदी सावकाश. त्या दिवशी बसमध्ये काय झालं, ते तुमच्या शब्दांत पहिल्यापासून सांगा."

"नाही सांगणार."

"कठीण असतं, मला कल्पना आहे."

"कठीण कसलं, पोरी? पाठ झालंय मला. ते सगळं चार मिनिटांत आटोपलं होतं. सांगण्यात माझे अकरा तास गेलेत. पोलिसांना सांगितलं, विमावाल्यांना सांगितलं, वकिलाला सांगितलं, तुझ्या आधीच्या तिघांना सांगितलं. सांगून घरी गेले की आठवडाभर डोळ्याला डोळा लागत नाही. नवऱ्याने मागून हाक मारली तरी हातातला कप पडतो. आणि मग तुम्ही लिहिता, पेशंटमध्ये सुधारणा नाही!"

काय झालं होतं, ते इथेही सांगायचं कारण नाही. ज्यांना कळायला हवं त्यांना ते कळलेलं आहे, सहा पानं टाइप होऊन फायलीत पडलेलं आहे.

"फाइल वाचलीस का?" डोरीनने विचारलं.

मारिसेलचे कान लाल झाले. "मुद्दामच नाही वाचली. नव्या पेशंटकडे कोऱ्या मनाने जावं, असं आम्हाला शिकवतात. तुमचा मान राखायचा म्हणून."

"वा! कोरी राहायचं तू, आणि दर वेळी खरवडून निघायचं मी?"

मारिसेलने स्क्रीन डोरीनकडे वळवला. 'घटनेचे वर्णन' नावाचा एक मोठा रकाना लाल चौकटीत रिकामा होता.

"हा भरल्याशिवाय फॉर्म पुढे जात नाही," ती हळू आवाजात म्हणाली. "रिकामा ठेवला तर 'सहकार्य करत नाही' असा शेरा आपोआप लागतो. मग विमावाले उरलेल्या नऊच्या नऊ भेटी बंद करतात."

या भेटी बुडाल्या तर पुन्हा बसच्या स्टिअरिंगमागे बसायचं नाव सोडायला लागणार होतं, आणि तो विचारही डोरीनला सोसत नव्हता. तरी ती उठली. पार्काचा जाड कोट अंगात चढवायला लागली.

"मग लाव शेरा. चार महिने सहकार्यच करत आलेय. आता नाही करत, जा!"

"उठू नका ना... म्हणजे, उठा. उठायचं असेल तर उठा. तुमची मर्जी." मारिसेलची त्रेधा उडाली होती. "पण तुम्हाला इथून काय हवंय, तेवढं सांगून जा."

पार्काच्या एका बाहीत हात घातलेली डोरीन तशीच उभी राहिली. हे तिला इतक्या दिवसांत कुणीच विचारलं नव्हतं. तिला रडू यायला हवं होतं, पण आला तो राग.

"मला माझी बस हवीय," ती बाहेरच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "आपल्याकडे लोक मागच्या दाराने उतरताना 'थँक यू' म्हणून ओरडतात की नाही? एकोणतीस वर्षं ते ऐकून मला बरं वाटायचं. आता मागून कुणी ओरडलं की माझं काळीज थांबतं. मला ते 'थँक यू' परत साधं ऐकू यायला हवंय. बाकी तुमचं काही नको मला."

"मग तिथूनच सुरुवात करू. त्यासाठी तो दिवस उकरायची गरज नाही."

मारिसेलने कीबोर्ड जवळ ओढला आणि लाल रकान्यात लिहिलं, 'मी विचारलं नाही.' बटण दाबलं. स्क्रीनवर सूचना आली, किमान दोनशे अक्षरं आवश्यक.

"तुझी साहेबीण तुला सोलून काढेल," डोरीन म्हणाली.

"काढू दे."

मारिसेलने पुन्हा लिहिलं, 'मी विचारलं नाही.' मग त्याच्याखाली पुन्हा तेच. डोरीन एक बाही लोंबकळत ठेवून खुर्चीमागे येऊन उभी राहिली आणि ओठांतल्या ओठांत मोजू लागली. तेराव्या ओळीला काही अक्षरं कमी पडली. चौदाव्याला लाल चौकट हिरवी झाली. मारिसेलने हात कीबोर्डवरून उचलले.

"थांबलीस का?" डोरीन म्हणाली. "अजून जागा आहे."