तिसरी घंटा

नवरा चार वर्षं अंथरुणाला खिळलेला, रात्री त्याच्यासाठी जागरणं, आणि शशिकलाताईंचं बीपी काही उतरेना. डॉक्टर म्हणाले, "दर रविवारी नाटकाला जात जा."

सून ऋचा सासऱ्यांपाशी थांबायची. खांदा कॉलनीतून रिक्षा करून शशिकलाताई नाट्यगृह गाठायच्या. तिसरी घंटा होऊन दिवे मालवले की त्यांना गाढ झोप लागायची, ती शेजारची बाई हलवेपर्यंत. "अहो आजी, संपलं! घोरायला तिकीट काढता होय?"

बीपी उतरलं. "बघा, नाटकाची जादू!" डॉक्टर खूश.

मग नवरा गेला. महिन्याभरानं ऋचानं बळंच पाठवलं. "जा हो आई, बीपी परत वर गेलंय तुमचं."

तिसरी घंटा झाली. दिवे मालवले.

&nbsp;

&nbsp;

ते नाटक शशिकलाताईंनी शेवटपर्यंत पाहिलं.